इलाहीला न कळलेले शब्द

"इलाही, आत ये."

हर्डीकर सरांनी हाक मारली. इलाही मुल्ला हातातली चहाची किटली तशीच घेऊन दारात उभा राहिला.

"हा शब्द ऐक. 'चकणा'. कळला?"

"कळला की साहेब. एक डोळा कागलात, दुसरा निपाणीत."

"नक्की कळला?"

"आमचा चुलता चकणाच हुता."

हर्डीकर सरांनी समोरच्या कागदावरच्या 'चकणा'वर लाल पेन्सिलीनं रेघ मारली. "बाद. जा तू."

इलाही किटली घेऊन गेला. सरांनी त्या जागी 'विषमदृष्टी' लिहिलं, त्याला पुन्हा बोलावलं, शब्द वाचून दाखवला. इलाही बराच वेळ विचार करून "न्हाई कळला" म्हणाला. शब्द मंजूर झाला आणि मग आम्हाला चहा मिळाला.

ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कचेरीचं नाव होतं शब्दनिश्चिती मंडळ, पोलीस परिभाषा उपसमिती. एका रिकाम्या धान्यगोदामाच्या माडीवर आम्ही बसायचो आणि पोलिसांच्या इंग्रजी कागदांतल्या शब्दांना मराठी शब्द द्यायचो. अध्यक्ष हर्डीकर सर, निवृत्त प्राचार्य. सदस्य घोरपडे, निवृत्त फौजदार, जेवणानंतर बसल्या जागी झोपणारे. मी सहायक, सदानंद सुतार, मराठीचा पदवीधर. आणि इलाही शिपाई. पण खरी सत्ता इलाहीच्या हातात होती आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

सरांचा सिद्धांत असा होता की जो शब्द शिपायाला कळतो त्यात शास्त्र नसतं. "कळतो म्हणजे तो आधीच वापरात आहे," ते म्हणायचे. "वापरातलेच शब्द द्यायचे तर सरकारनं मंडळ कशाला काढलं?" याला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं, कारण उत्तर दिलं असतं तर मंडळच बंद करावं लागलं असतं. म्हणून प्रत्येक शब्द इलाहीपुढे ठेवायचा, त्याला कळला की बाद. इलाहीला वाटायचं आपली परीक्षा चाललीय. जास्तीत जास्त शब्द ओळखायची तो शिकस्त करायचा आणि एकेका फटक्यात चांगले शब्द मारून टाकायचा. 'फरारी' त्यानं मारला. 'झटापट' मारला. 'लंगडा' त्या हिवाळ्यात कसाबसा आमच्या शब्दसंग्रहाच्या पुढच्या खंडावर ढकलला गेला म्हणून वाचला.

माझी नोकरी तात्पुरती होती, दर तीन महिन्यांनी शेपूट वाढवून मिळणारी. कायम होण्याची मला घाई होती, पण ती पगारासाठी नव्हती. माझे वडील, आबा, हळूहळू हरवायला लागले होते. उभा जन्म कागलला बैलगाड्यांची चाकं घडवण्यात गेलेला माणूस. आई गेली, गाड्या गेल्या, मी त्यांना शहरात माझ्या भाड्याच्या खोलीवर आणलं, आणि तिथं त्यांना दिवस, वार, गल्ली काही आठवेना. दोनदा ते घरातून चालते झाले. एकदा माझी बायको शालन हिला ते दूध डेअरीपाशी सापडले, दुधाच्या गाडीचं चाक न्याहाळताना. कायम झालो तर सरकारी खोली मिळणार होती. तिला कुंपण होतं, फाटक होतं, फाटकाला कुलूप लावता येत होतं. मला ते फाटक हवं होतं.

आणि नेमका तेव्हा तो शब्द आला.

हरवलेल्या माणसांच्या वर्णनाचा इंग्रजी नमुना आमच्याकडे मराठी करायला आला होता. त्यात चेहऱ्याच्या रकान्यात पहिलाच पर्याय होता, राउंडिश.

"राउंड म्हणजे वर्तुळ. त्यात वाद नाही," हर्डीकर सर म्हणाले. "प्रश्न ईशचा आहे. हा ईश आला कुठून?"

"इंग्लंडातनं," घोरपडे डोळे न उघडता म्हणाले.

"इंग्लंडात कुठून आला, ते विचारतोय मी."

"ते आमच्या हद्दीत येत न्हाई. आमी आपलं 'तोंड वाटोळं' लिवायचो."

"वाटोळे हा अशुभ शब्द आहे. माणूस आधीच हरवलेला, त्यात त्याचं वाटोळं कशाला करायचं?"

तीन दिवस सर ईशच्या मागे होते. चौथ्या दिवशी ते आले तेच हातातली काठी उंचावत. "ईषत्! सुतार, अहो ईषत्! संस्कृत ईषत्, म्हणजे किंचित. राउंडिश म्हणजे किंचित राउंड. हा प्रत्यय आपलाच आहे. साहेबानं इथून नेला, शेवटचा त् कापला आणि आज आपल्यालाच परत पाठवतोय!"

घोरपडे जागे झाले. "मंजे चोरीचा माल?"

"तसंच म्हणा."

"मग पंचनामा करू या."

मी मात्र दुपारी कपाटातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. वाळवीनं अर्धा खाल्ला होता, पण ते पान शाबूत होतं. ईशचा ईषत्शी काही संबंध नव्हता. तो इंग्रज-जर्मनांचा फार जुना प्रत्यय. आधी तो माणूस कुठल्या लोकांतला ते सांगायचा, इंग्लिश, डॅनिश असा. मग 'त्याच्यासारखा' सांगायला लागला आणि होता होता 'साधारण तसा' इथवर आला. राउंड फ्रेंचांकडून आलेला आणि त्याच्याही मागे लॅटिन. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी होतं चाक.

ते वाचून मला हसू आलं. सरांना दाखवायला मी कोश घेऊन उठलो, आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून परत बसलो. मुदत संपायला अकरा दिवस राहिले होते. माझ्या कायमपणाची शिफारस सरांनीच करायची होती. मी कोश कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

रात्री जेवताना मी आबांना विचारलं, "आबा, माझं तोंड कसं आहे?"

आबांनी भाकरी मोडायची थांबवली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे ओळखीनं पाहिलं. "गोलसर. तुझ्या आयवाणी."

"गोल का नाही?"

"गोल चाक असतंय. तोंड गोल असतं तर त्येला धाव बसवली असती की." शालन तोंडाला पदर लावून हसली. आबा भाकरीकडे वळले. "चाकाला केसाचा बी फरक चालत न्हाई सदा. बैल मरतोय. माणसाचं तसं न्हाई, माणूस गोलसर चालतो."

चाकाची धाव म्हणजे चाकावर तापवून चढवायची लोखंडी पट्टी, ती आबांनी हजारांनी चढवलेली. गोल कशाला म्हणतात आणि गोलसर कशाला, हे सांगायचा त्या जिल्ह्यात त्यांच्याइतका अधिकार कुणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, मांडायचा तर हाच शब्द. फक्त वाटेत इलाही उभा होता. मी त्याला सकाळीच जिन्यात गाठलं.

"इलाहीभाई, आज एक शब्द येईल, गोलसर. तो कळला नाही म्हणा."

"का?"

सरांच्या परीक्षेचं गुपित मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं. तो जिन्यात बसला. "मंजे आजपातुर मला कळलं त्ये समदं मेलं?"

"हो."

"आन् फरारी बी?"

"तोही."

तो पायरीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "पर सुतारसाहेब, कळलेलं कळलं न्हाई कसं म्हणू? आज जुम्मा हाय. आन् गोलसर! शेंबड्या पोराला कळंल. मला येडा म्हणतील की साहेब."

"एवढा एकच शब्द."

"बगतो," तो म्हणाला.

अकरा वाजता मी 'गोलसर' मांडला. सरांनी नाक मुरडून हाक मारली. इलाही दारात आला. "गोलसर," सर म्हणाले, "कळला?" इलाहीनं माझ्याकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, कपाळ पुसलं.

"कळला साहेब," तो म्हणाला. "लई परयत्न केला, पर कळलाच."

लाल रेघ पडली. सर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "सुतार, शब्द घडवायला संस्कार लागतात. तुमचं हे असंच राहिलं तर शिफारस कशी करू मी?"

आता मी जे केलं ते सांगतो. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी माझा हात धरला नव्हता. मी चिठोरी पुढे ओढली आणि सरांच्याच लाडक्या ईषत्ला वर्तुळ जोडून एका दमात लिहिलं, ईषद्वर्तुळाकृती. सरांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज भरून आला होता.

इलाहीला परत बोलावलं. तो शब्द ऐकून त्यानं विचारलं, "कुटल्या द्येवाचं नाव हाय साहेब?"

शब्द एकमतानं मंजूर झाला. "हवालदाराला लिवता येईल न्हवं?" घोरपड्यांनी विचारलं. "शिकेल," सर म्हणाले. त्या महिन्यात मी कायम झालो. पुढच्या महिन्यात फाटकाची खोली मिळाली. मी बाजारातून पितळी कुलूप आणलं आणि फाटकाला लावताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

नवा नमुना छापून पोलीस ठाण्यांत गेला. त्यानंतर चार महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी नऊ वाजता शालन ओरडत आत आली, "अहो, मामंजी न्हाईत!"

कुलूप जागच्या जागी होतं. आबांनी कुलपाला हातही लावला नव्हता. त्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले होते, फाटक कुलपावरच फिरवून नीट कुंपणाला टेकवलं होतं आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून कागदाच्या पुडीत बांधून उंबऱ्यावर ठेवले होते. सुताराला फाटकानं अडवायला निघालो होतो मी.

पोलीस ठाण्यात हवालदारानं छापील कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, विलुप्त व्यक्ती वर्णन प्रपत्र. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आमच्या उपसमितीचं नाव होतं.

"हितलेच शब्द वापरायचे साहेब," हवालदार म्हणाला. "भाईरचा शब्द आला तर वरनं कागद परत येतोय. मुखाकृती काय?"

"गोलसर," मी म्हणालो.

"तसला शब्द न्हाई ह्यात." त्यानं यादीवर बोट फिरवलं. "हे एक लांबडंलचक हाय बगा. कसलं ईष... ईषद्... ह्येचा अर्थ कुणाला ठाव!"

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

माझ्या बापाचं तोंड मी माझ्या हातानं त्या शब्दात भरलं. सावळा रंग ईषत्कृष्ण झाला. बसकं नाक अनुन्नत नासिका झालं. डोक्यावरचा लाल पटका रक्तवर्ण शिरोवेष्टन झाला. नावापुढे शाळेच्या दाखल्यावरचं लिहिलं, ज्ञानेश्वर रामचंद्र सुतार. जन्मभर त्यांना कुणीही ज्ञानूखेरीज दुसरी हाक मारली नव्हती, पण नियम दाखल्याचा होता. हवालदारानं कागद सरळ एसटी स्टँडवर पाठवला. तिथल्या कर्ण्यावरून दर अर्ध्या तासानं तो वाचला जाणार होता.

शालन बाजाराकडे गेली. मी सायकलवर टांग मारून कागलच्या रस्त्याला लागलो, कारण आबा आपल्या जुन्या कारखान्याकडेच निघाले असणार, असं मला वाटत होतं. स्टँड मी वगळला. तिथं आपली वर्दी वाजतेच आहे, मग माणूस कशाला हवा, असा माझा हिशेब. जाताना प्रत्येक झाडाखाली बघत होतो. कागलला कारखान्याच्या जागी कुणी खताचं दुकान थाटलं होतं. आबा तिथं नव्हते. विहिरीपाशी नव्हते. नदीच्या पुलावरून खाली बघायची माझी हिंमत होईना, तरी बघितलं. मी देवाला काय वाट्टेल ते कबूल करत होतो.

चार वाजता परत शहरात शिरलो आणि स्टँडवर सायकल लावली. का लावली, तेही सांगून टाकतो. एवढ्या काळजीतही मला ऐकायचं होतं, कर्ण्यावरचा माणूस माझा शब्द बरोबर उच्चारतो की नाही.

कर्णा खरखरला. "लक्ष द्या. विलुप्त व्यक्ती ज्ञानेश्वर रामचंद्र सुतार. मुखाकृती ईषद... वर... ईषद्वर्तु... कृती. नासिका अनुन्नत. शिरोवेष्टन रक्तवर्ण." स्टँडवर दोनशे माणसं असतील. कुणाची मान वळली नाही. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, त्याला ते स्तोत्र वाटलं असावं.

तेवढ्यात कर्ण्याच्याही वर चढलेला एक आवाज माझ्या कानावर आला. "सावळा म्हातारा! गोलसर तोंडाचा! बसकं नाक, लाल पटका! चाकं बगत फिरतोय! कुणी बगितलासा का वोऽ?"

इलाही होता. शालन रडत कचेरीत गेली होती, तेव्हा त्यानं किटली तशीच खाली ठेवली आणि रजा न मागता बाहेर पडला. तो फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत चालला होता.

"ओ मामा, वराडतासा कशाला?" शेंगा विकणारी एक बाई म्हणाली. "ह्यो काय हितंच बसलाय की, सकाळधरनं. माज्या म्होरंच."

बरोबर कर्ण्याच्या खांबाखाली, माझ्याकडे पाठ करून आबा बसले होते. समोर उभ्या एसटीच्या चाकाकडे एकटक बघत. हातात शेंगांचा पुडा होता, बाईनं फुकट दिलेला. मी धावत जाऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकले.

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आलास व्हय सदा? बस. मघाधरनं ह्यो वरनं सांगतोय, कुणीतरी मोटा माणूस हरवलाय. ज्ञानेश्वर का कोण. कुणाचा तरी बाप असंल रं." त्यांनी पुड्यातल्या चार शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "हितं बसून काय करतोस? ऊठ, जा, हुडकायला मदत कर त्यास्नी."

सात तास माझा बाप माझ्याच शब्दांखाली बसून होता. मी तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडलो. इलाही माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि लोकांना सांगत राहिला, "कळलं न्हवं, गोलसर मंजे काय? जावा आता, जावा."

मंगळवारी मी कचेरीत गेलो तो सगळं बोलायचं ठरवूनच. पण पोलीस ठाण्याचा कागद माझ्याआधी पोचला होता. हर्डीकर सर उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "सुतार, अभिनंदन! नव्या प्रपत्रावरून सापडलेला पहिलाच माणूस, आणि तोही अवघ्या सात तासांत! हे वरती कळवलंच पाहिजे. मसुदा तुम्हीच करा." मी तोंड उघडलं, मिटलं आणि मसुदा केला. कायम माणसाची जीभ फार लवकर टाळ्याला चिकटते.

मग सरांनी पुढच्या खंडाचा पहिला कागद काढला. "इलाही, आत ये. हा ऐक, 'लंगडा'. कळला?"

इलाही दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"न्हाई साहेब."

सर दचकले. "लंगडा. अरे, लंगडा!"

"न्हाई कळला. लई अवघड हाय."

सरांना नियम मोडता येईना. नियम त्यांचाच होता. 'लंगडा' मंजूर झाला. त्या दिवसापासून इलाहीला काही म्हणजे काही कळेनासं झालं. त्याला 'टक्कल' कळेना, 'मिशी' कळेना, 'तोतरा' ऐकून तर तो घाबरल्यासारखा मागे सरला. घोरपडे रुमालात तोंड खुपसून हसायचे. वर्षभरात दुसरा खंड पुरा झाला आणि तो जिल्ह्यातल्या प्रत्येक हवालदाराला वाचता येत होता. त्याच्या शेवटच्या पानावर, शुद्धिपत्रात, 'गोलसर'सुद्धा परत आला. सरांनी स्वतः त्याला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा इलाहीनं कपाळाला हात लावला.

त्या मार्चमध्ये सरांनी मला इलाहीचा गोपनीय अहवाल लिहायला बसवलं. "चांगला हुशार होता हो," ते खरंच हळहळत होते. "एकाएकी काय झालं कोण जाणे. लिहा. आकलनशक्ती क्षीण. साध्या शब्दांचेही ज्ञान नाही. पदोन्नतीस अपात्र." इलाहीचं नाव त्या वर्षी दफ्तरबंदाच्या, म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्याच्या, वरच्या जागेसाठी लागणार होतं. नऊ वर्षं तो त्या जागेची वाट बघत होता.

मी लिहिलं. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सरांनी खाली सही केली.

शेरा शिपायाला दाखवून पोच घ्यायची पद्धत होती. संध्याकाळी तो कागद घेऊन मी जिन्यात गेलो. इलाही किटली विसळत होता. त्यानं हात सदऱ्याला पुसले, कागद डोळ्यांजवळ धरला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मला खाली मान घालून उभं राहवेना.

"इलाहीभाई," मी म्हणालो, "हे अक्षर माझं आहे. कळलं ना तुम्हाला काय लिहिलंय मी?"

त्यानं सही केली, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "काय बी कळलं न्हाई. आबा कसं हाईत?"